मिनोरू यामासाकी : उंचीची भीती आणि ११० मजले

ओळंबा

गगनचुंबी इमारती बांधणाऱ्या आधुनिक आर्किटेक्टांची नावे निघाली की मीस व्हॅन डर रोहे पहिले, मग गॉर्डन बनशाफ्ट, ब्रूस ग्रॅहम वगैरे. मिनोरू यामासाकी (१९१२-१९८६) हे नाव त्या पंगतीत जरा अवघडून बसते. त्यांची आठवण निघते ती दोनच कामांमुळे. सेंट लुइसची प्रुइट-आयगो ही गरिबांसाठीची घरांची वसाहत सरकारनेच सुरुंग लावून पाडली. न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरचे काय झाले ते सांगायला नको. दोन्ही वेळा कॅमेरे चालू होते. त्यामुळे या माणसाच्या कामाचा हिशेब कायम ढिगाऱ्यापासून सुरू होतो. मला तो दुसऱ्या टोकाकडून मांडून बघायचा आहे.

जन्म सिअॅटलचा, आईवडील जपानहून आलेले, परिस्थिती बेताची. युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनची फी भरण्यासाठी हा मुलगा उन्हाळ्यात अलास्कातल्या सामन माशांच्या कारखान्यांत राबायचा. १९३४ ला पदवी हातात पडली तेव्हा महामंदी चालू होती. न्यूयॉर्कला जाऊन पहिली नोकरी मिळाली ती एका आयात कंपनीत, कपबशा कागदात गुंडाळायची. पुढे श्रीव्ह, लॅम्ब अँड हार्मन या एम्पायर स्टेट बिल्डिंगवाल्या ऑफिसात शिरकाव झाला. ५ डिसेंबर १९४१ ला लग्न, आणि ७ तारखेला पर्ल हार्बर! पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या लोकांची रवानगी छावण्यांत व्हायच्या आत त्यांनी आईवडिलांना न्यूयॉर्कला आपल्या छोट्याशा घरात आणले.

१९४५ मध्ये डेट्रॉइटच्या एका मोठ्या फर्ममध्ये वरच्या जागेवर गेले. पगार चांगला, हाताखाली माणसे, पण गोऱ्यांच्या उपनगरांत घर कोणी देईना. शेवटी ट्रॉय गावातले एक जुने फार्महाऊस घेऊन तिथे राहिले. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढे 'शांत', 'माणसाला घाबरवणार नाही अशी' इमारत हा त्यांचा ध्यास झाला, त्यामागे हेही असावे असे मला वाटते. पुरावा मागू नका, माझे मत आहे.

१९४९ ला जॉर्ज हेल्मुथ आणि जोसेफ लाइनवेबर यांच्याबरोबर भागीदारी. डेट्रॉइट आणि सेंट लुइस अशी दोन ऑफिसे, सतत प्रवास, आणि पोटात अल्सर. १९५४ च्या सुमारास ऑपरेशन होऊन जीव वाचला. त्याच काळात जपानमधल्या कोबे शहरात अमेरिकन वकिलातीचे काम मिळाले आणि त्या निमित्ताने जपान, भारत, युरोप असा प्रवास घडला. क्योतोची देवळे, ताजमहाल, व्हेनिसचा सान मार्को चौक हे सगळे पाहून माणूस बदलून आला. तोवर ते मीसच्या वाटेने चालले होते. काटकोनी पोलादी चौकट, काच, बाकी काही नाही. परत आल्यावर कमानी, जाळ्या, पाणी, वरून झिरपणारा प्रकाश हे सगळे त्यांच्या कामात आले. इमारतीने माणसाला शांत करावे, चकित करावे आणि आनंद द्यावा असे ते जाहीरपणे बोलू लागले. पोलाद-काचवाल्या कर्मठ मंडळींना ते बायकी वाटले. 'नटवी', 'सजावटखोर' अशी टीका झाली.

त्या वळणाआधीचे सेंट लुइसचे विमानतळ टर्मिनल (१९५६) मात्र सगळ्यांनाच आवडले होते. काँक्रीटचे पातळ कवच, एकमेकांना छेदणारे घुमट, मध्ये खांब नाही. विमानतळ म्हणजे शेड किंवा गोदाम, ही कल्पना त्या इमारतीने मोडली. १९५९ च्या दिल्लीच्या जागतिक कृषी प्रदर्शनातला सोनेरी घुमटांचा अमेरिकन मंडपही यांचाच. १९६२ च्या सिअॅटल जागतिक प्रदर्शनातल्या विज्ञान मंडपाच्या पांढऱ्या कमानी आणि पाणी बघून लोक खूश झाले. त्याच वर्षी वर्ल्ड ट्रेड सेंटरचे काम मिळाले आणि जानेवारी १९६३ मध्ये 'टाइम'च्या मुखपृष्ठावर चेहरा झळकला.

आता मुद्दा. यामासाकींचे कसब होते हाताच्या अंतरावरचे. खोली, अंगण, कठडा, पायरी. त्या माणसाला पोर्ट अथॉरिटीने (न्यूयॉर्कची बंदरे, पूल, विमानतळ सांभाळणारी सरकारी संस्था) वर्ल्ड ट्रेड सेंटरसाठी एक कोटी चौरस फूट ऑफिसची जागा बांधायला दिली. त्यांच्या पत्रातला २८ कोटी डॉलरचा आकडा वाचून त्यांना एक शून्य चुकून जास्त पडलेय असे वाटले, असा किस्सा सांगतात. माझ्या मते त्यांची शोकांतिका विमानांच्या कितीतरी आधी, या आकड्यापाशी सुरू होते. जाणकारांनी भर घालावी. शिव्याही चालतील.

चौकटराजा

मस्त धागा, वाचनखूण साठवली आहे. एक शंका. प्रुइट-आयगोला वास्तुकलेचे मोठे बक्षीस मिळाले होते ना? आम्हाला कॉलेजात असेच शिकवले: बक्षीस मिळालेली वसाहत वीस वर्षांत पाडावी लागली, आणि १५ जुलै १९७२ ला दुपारी ३:३२ ला आधुनिक वास्तुकला मेली. स्लाइडवर तो धुराळ्याचा फोटो असायचाच.

गिलावा

चौकटराजा, बक्षीस-बिक्षीस काही मिळालेले नाही. १९५१ मध्ये एका वास्तुमासिकाने आराखड्याचे भरभरून कौतुक केले होते, त्याचे पुढे सांगोवांगी बक्षीस झाले. याच भागीदारीला बक्षीस मिळाले ते विमानतळाला. आणि ३:३२ चे म्हणाल तर ते चार्ल्स जेंक्स या समीक्षकाने १९७७ मध्ये लिहिलेले वाक्य. पहिली इमारत मार्च १९७२ मध्येच पाडली होती. वाक्य चटकदार असले की तारीख कोण तपासतो!

माझे काम गृहनिर्माणातले, म्हणून जरा सविस्तर लिहितो. वसाहत बांधून झाली १९५४ ते ५६ च्या दरम्यान. ११ मजली ३३ इमारती, सुमारे २,८७० घरे. पहिल्या आराखड्यात सगळे ११ मजली नव्हतेच. बैठी-दुमजली, मध्यम आणि उंच असे मिश्रण होते. फेडरल सरकारच्या गृहनिर्माण खात्याने दर घरामागे खर्चाची मर्यादा घातली, कोरियन युद्धाने साहित्य महागले, आणि सगळे एका साच्यातले ११ मजली ठोकळे झाले. मग कात्री लागली. झाडे गेली, तळमजल्यावरची सार्वजनिक स्वच्छतागृहे गेली, पाइपांवरचे आवरण गेले. कुलुपे आणि दाराच्या मुठी इतक्या हलक्या की वापरायला लागताच हातात येत.

त्यात ती लिफ्ट. पैसे वाचवायला ती फक्त पहिल्या, चौथ्या, सातव्या आणि दहाव्या मजल्यावर थांबायची. बाकीच्यांनी जिना चढायचा किंवा उतरायचा. लिफ्ट थांबते त्या मजल्यावर लांब गॅलरी, तिथे मुले खेळतील, बायका कपडे धुतील, गप्पा होतील, ही कागदावरची कल्पना. मासिकाने कौतुक केले ते याचेच. आता विचार करा, गॅलरी कोणाच्याच दारासमोर नाही. त्यामुळे ती कोणाचीच नाही. दिवे फुटले, लिफ्ट बंद पडली की पाचव्या मजल्यावरच्या बाईला सामान घेऊन अंधाऱ्या जिन्याने जायचे.

पण नुसत्या लिफ्टने २,८७० घरे ओस पडत नाहीत. कायद्याने बांधकामाला फेडरल पैसा मिळायचा, देखभाल मात्र भाड्यातून करायची. भाडेकरू गरीब, म्हणून भाडे कमी, म्हणून दुरुस्ती नाही, म्हणून ज्याला जमेल तो सोडून जातो, म्हणून भाडे आणखी कमी. १९५७ मध्ये ९१ टक्के घरे भरलेली होती, तिथून घसरणच. त्यात सेंट लुइस शहरच रिकामे होत होते. १९५० ला साडेआठ लाखांवर लोकवस्ती, १९७० ला सव्वासहा लाखांच्या आत. वसाहत आखली ती शहर वाढणार हे धरून. मूळ बेत प्रुइट काळ्यांसाठी आणि आयगो गोऱ्यांसाठी असा होता. न्यायालयाच्या निकालांनंतर ती विभागणी गेली आणि गोरे उपनगरांत निघून गेले. १९६९ मध्ये भाडेकरूंनी भाडे न भरण्याचा संप केला तेव्हा त्यांच्या मागण्यांत आर्किटेक्टचे नाव नव्हते. गृहनिर्माण मंडळाचे होते.

खवट_म्हातारा

गिलावा, माहिती उत्तम, पण आर्किटेक्टला इतके हलकेच सोडू नका. १९५२ मध्ये गृहनिर्माणाच्या एका नियतकालिकात गृहनिर्माणतज्ज्ञ कॅथरीन बॉअर आणि यामासाकी यांचा वाद छापून आला होता. बॉअरबाई म्हणत होत्या की गरीब कुटुंबांना उंच इमारतीत कोंबू नका. यामासाकी म्हणत होते की बैठी घरे चांगली हे मान्य, पण जमिनीचा भाव आणि झोपडपट्टी हटवायची निकड पाहता उंच बांधणे भाग आहे. म्हणजे चांगले काय ते माहीत होते, सही तरीही केली. पुढे त्यांना या कामाचा पश्चात्ताप झाला हे खरे. फी मात्र परत केल्याचे ऐकिवात नाही.

गिलावा

खवटकाका, सही केली नसती तर दुसऱ्या कोणी केली असती, आणि लिफ्ट कदाचित पाचव्या मजल्यावर थांबली असती. फरक तेवढाच.

खवट_म्हातारा

त्या पाचव्या मजल्यावरच्या बाईला विचारा तो फरक 'तेवढाच' होता का.

ओळंबा

दोघांचेही पटते, म्हणून मध्ये पडत नाही. एक भर: याच भागीदारीतून फुटून हेल्मुथ, ग्यो ओबाटा आणि जॉर्ज कासाबाउम यांनी १९५५ मध्ये एचओके काढली, जी पुढे जगातल्या सर्वांत मोठ्या आर्किटेक्चर फर्मांपैकी एक झाली. प्रुइट-आयगोचे खापर त्यांच्या माथी कधी फुटले नाही. भागीदारी तिघांची, बदनामी एकट्या यामासाकींची.

तुळई

स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, वर्ल्ड ट्रेड सेंटरवर बोलल्याशिवाय राहवत नाही. धाग्यात 'शोकांतिका' वगैरे वाचून जरा वाईट वाटले. आमच्या बाजूने पाहिले तर त्या इमारती म्हणजे मेजवानी होती.

पोर्ट अथॉरिटीला हवी होती प्रचंड जागा आणि जगातली सर्वांत उंच इमारत. यामासाकींनी शंभराच्या वर पर्याय चाचपले. एकच मनोरा फार अजस्र होतो, चार-पाच लहान केले तर वसाहतीसारखे दिसतात. म्हणून दोन. त्यांचे आधीचे आराखडे ८०-९० मजल्यांचे होते, ११० केले ते पोर्ट अथॉरिटीच्या आग्रहाने.

इतक्या उंचीवर पहिली अडचण लिफ्टची. मजले वाढवले की माणसे वाढतात, माणसांसाठी लिफ्ट वाढतात, आणि लिफ्टचे उभे बोगदे खालच्या मजल्यांची जागा खाऊन टाकतात. एका मर्यादेनंतर नवा मजला बांधणे म्हणजे खालची भाड्याची जागा घालवणे. उपाय केला तो आपल्या लोकलसारखा. ४४ आणि ७८ व्या मजल्यावर 'जंक्शन', तिथवर फास्ट लिफ्ट, तिथून स्लो लिफ्ट बदलायची. स्लो लिफ्टचे तीन संच एकाच बोगद्यात एकावर एक. मजल्याचा सुमारे पाऊण भाग भाड्याने देता येऊ लागला. जुन्या पद्धतीत हे शक्यच नव्हते.

दुसरी अडचण वारा. जुन्या इमारतींत खांबांचे जाळे सगळ्या मजल्यावर पसरलेले असते. इथे लेस्ली रॉबर्टसन आणि जॉन स्किलिंग यांनी बाहेरची भिंतच नळीसारखी कडक केली. दर बाजूला ५९ पोलादी खांब, मध्यापासून मध्यापर्यंत जेमतेम एक मीटर. आत गाभ्यात ४७ खांब, आणि दोन्हींच्या मध्ये मोकळी जमीन. साधारण एक एकराचा मजला आणि त्यात एकही खांब आडवा येत नाही! बाहेरची भिंत तीन खांब रुंद आणि तीन मजले उंच अशा तयार तुकड्यांत कारखान्यातून यायची, तुकडे विटांसारखे सांधे चुकवून बसवायचे.

आता यातली गंमत. यामासाकींना उंचीची भीती वाटायची. खिडकी खांद्यापेक्षा अरुंद असली की माणसाला पडल्यासारखे वाटत नाही, असे त्यांचे म्हणणे. खिडक्या सुमारे १८ इंच रुंद. म्हणजे इंजिनिअरला खांब जवळजवळ हवे होते आणि आर्किटेक्टला खिडक्या अरुंद. दोघांचे एकाच मापात जमले. हे असे नोकरीत एकदा जरी घडले तरी माणूस सुखाने रिटायर होतो. तळाशी मात्र माणसे आत शिरायला जागा हवी, म्हणून तीन-तीन खांब एकत्र येऊन एक होत. त्या जोडातून ज्या निमुळत्या कमानी तयार झाल्या त्या ओळंबा म्हणतात त्या प्रवासातून आलेल्या. शोभेच्या दिसतात, पण वरच्या तीन खांबांचा भार त्याच वळणातून एका खांबात उतरतो.

एक किस्सा राहिला. इमारत वाऱ्याने हलणार हे नक्की होते, प्रश्न होता माणसाला ते किती जाणवेल. १९६५ मध्ये ऑरेगनमधल्या युजीन गावात 'मोफत डोळे तपासणी' अशी जाहिरात दिली. लोक आले, भिंतीवरचे आकार बघू लागले, आणि खोली गुपचूप हायड्रॉलिक जॅकवर पुढेमागे हलवली. माणसे भेलकांडली, मळमळ झाली. अंदाजापेक्षा कितीतरी कमी हालचाल लोकांना कळते हे त्यातून समजले. मग प्रत्येक मनोऱ्यात सुमारे दहा हजार डॅम्पर बसवले, पोलादाच्या पट्ट्यांमध्ये रबरासारखा चिकट थर, जो हालचालीची ऊर्जा गिळतो. उंच इमारतींत असे डॅम्पर पहिल्यांदा इथेच आले.

चौकटराजा

तुळई, जबरी प्रतिसाद. पण नळीची कल्पना शिकागोचे इंजिनिअर फझलूर खान यांची ना? श्रेय चुकतेय का?

तुळई

खानसाहेबांनी शिकागोत ती पद्धतशीर मांडली हे खरेच. तिथली ड्युइट-चेस्टनट ही ४३ मजली इमारत साठच्या दशकाच्या मध्याची, मग १९६९ चे जॉन हॅनकॉक सेंटर आणि त्यानंतर सिअर्स टॉवर, ज्याने वर्ल्ड ट्रेड सेंटरचा विक्रम लगेच मोडला. पण त्याच सुमारास स्किलिंगच्या फर्मने यामासाकींबरोबर सिअॅटलची आयबीएम बिल्डिंग केली होती, तिथेही बाहेरचे खांब एकमेकांजवळ आहेत. दोन्हीकडे एकाच वेळी स्वतंत्रपणे शिजत होते म्हणा. खान यांच्यावर वेगळा धागा व्हायला हवा, इथे नको.

मिशिगनकर

डेट्रॉइटजवळ राहतो, म्हणून लिहितोय. यामासाकी कळायचे असतील तर वेन स्टेट युनिव्हर्सिटीत जा. तिथे त्यांच्या चार इमारती आहेत. त्यातले मॅकग्रेगर कॉन्फरन्स सेंटर (१९५८) बघून माझे तरी मत बदलले.

दोन मजली इमारत, बाहेरून फार मोठी वाटत नाही. आत शिरलात की मध्ये दोन्ही मजल्यांच्या उंचीचे दालन आणि वर काचेचे छत. तुळयांची टोके त्रिकोणी घड्यांसारखी बाहेर येतात आणि तोच त्रिकोण दारात, कठड्यात, छतात परत परत दिसतो. दुपारी त्या काचांची सावली पांढऱ्या दगडावरून सरकत जाते. बोलणाऱ्यांचा आवाज आपोआप खाली येतो. बाहेर उथळ पाण्याचे कुंड आहे, त्यात दगडी चौथऱ्यांची बेटे. ते कितीतरी वर्षे गळतीमुळे कोरडे पडले होते, २०१३ मध्ये दुरुस्त करून पुन्हा भरले. २०१५ पासून इमारत राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तू आहे.

तिथून गाडीने दहाएक मिनिटांवर वन वुडवर्ड अॅव्हेन्यू. पूर्वी गॅस कंपनीचे मुख्यालय होते, १९६३ च्या सुमाराचे. यामासाकींची ही पहिली खरी उंच इमारत. तयार काँक्रीटच्या पांढऱ्या पट्ट्या, अरुंद खिडक्या, खाली काचेची उंच लॉबी, आणि दारात मान्झू या इटालियन शिल्पकाराची ब्राँझची नर्तिका. जवळ उभे राहिले तर खिडकीच्या पट्टीची कड बोटाने चाचपावीशी वाटते. वर्ल्ड ट्रेड सेंटर ही याचीच मोठी केलेली आवृत्ती. मोठी करताना काय निसटले ते इथे उभे राहून कळते. इथे पट्ट्या मोजता येतात, तिथे त्यांचा नुसता करडा पडदा झाला होता.

खवट_म्हातारा

'करडा पडदा' हे एकदम बरोबर. सत्तरच्या दशकातल्या न्यूयॉर्ककरांना हे मनोरे अजिबात आवडले नव्हते, हे आज कोणी बोलत नाही. २००१ नंतर टीका करणे असभ्य झाले. मी असभ्यच आहे, म्हणून सांगतो.

एक, जागा मोकळी नव्हती. तिथे रेडिओ रो होती, रेडिओचे सुटे भाग, जुनी उपकरणे, दुरुस्ती करणारी शेकडो छोटी दुकाने. दुकानदार कोर्टात गेले, हरले, आणि रस्त्यांसकट सगळे पुसले गेले. दोन, पाच एकरांचा चौक. यामासाकींच्या मनात सान मार्कोसारखा शांत चौक होता. प्रत्यक्षात उंच भिंतींवरून खाली येणाऱ्या वाऱ्याने तिथे चालणे मुश्कील व्हायचे, काही दिवस तर लोकांना धरायला दोर बांधावे लागत. तीन, एवढ्या जागेला भाडेकरूच मिळेनात. सुरुवातीच्या वर्षांत न्यूयॉर्क राज्य सरकारने आपलीच ऑफिसे तिथे आणून बसवली. चार, ज्या खिडक्यांचे तुळईंना एवढे कौतुक, त्यांतून दिसायचे काय? जगातल्या सर्वांत उंच इमारतीत बसायचे आणि शहर बघायचे ते फटीतून! बाजूला मीसची सीग्राम बिल्डिंग (१९५८) आठवा. ३८ मजले, पुढे मोकळा चौक, कोणाला दोर लागला नाही.

ओळंबा

काका, वाऱ्याचे आणि रेडिओ रोचे मान्य. खिडक्यांचे नाही. खिडकीशी बसणाऱ्याला दोन्ही बाजूला खांब असल्याने कपाळ काचेला टेकवून बघता यायचे, असे तिथे काम केलेल्यांनी सांगितलेले आहे. सगळीकडे काच असती तर तेच लोक टेबल दोन फूट आत सरकवून बसले असते. अर्थात तुम्ही नाही.

खवट_म्हातारा

मी खालीच थांबलो असतो. दोर धरून.

रातराणी

भोळा प्रश्न: २००१ मध्ये मनोरे कोसळले यात डिझाइनचा दोष किती? तुळई, तुम्ही फक्त गुण सांगितलेत.

तुळई

प्रश्न भोळा नाही, या धंद्यातला सर्वांत अवघड आहे. अमेरिकन सरकारच्या एनआयएसटी या संस्थेने तपशीलवार चौकशी केली. धडकेने बाहेरचे आणि गाभ्यातले बरेच खांब तुटले, पण तेवढ्याने मनोरे पडले नाहीत. जवळजवळ असलेल्या खांबांनी भार शेजाऱ्यांकडे वळवला आणि भोकाभोवती भिंत उभी राहिली. उत्तरेचा मनोरा १०२ मिनिटे उभा होता, दक्षिणेचा ५६. त्या वेळात हजारो माणसे उतरून गेली. पडले ते आगीमुळे. धडकेने पोलादावरचा अग्निरोधक लेप उडाला होता. तापलेले मजले खाली झोळ खाऊ लागले, त्यांनी बाहेरचे खांब आत ओढले, आणि खांब वाकले.

माझ्या लेखी खरा दोष जिन्यांचा. प्रत्येक मनोऱ्यात तीन जिने, तिन्ही गाभ्यात एकमेकांजवळ, आणि भोवती जिप्सम बोर्डच्या हलक्या भिंती. १९६८ च्या न्यूयॉर्क बिल्डिंग कोडने हे चालवून घेतले होते. त्याआधीच्या कोडप्रमाणे जास्त जिने लागले असते. पोर्ट अथॉरिटीवर शहराचा कोड कायद्याने बंधनकारक नव्हता, पण त्यांनी नवा कोड पाळायचे ठरवले, कारण त्याने भाड्याची जागा वाढत होती. उत्तरेच्या मनोऱ्यात धडकेने तिन्ही जिने एका फटक्यात तुटले. वरच्या मजल्यांवरचे कोणीही वाचले नाही. दक्षिणेत विमान जरा कडेला शिरले, एक जिना कसाबसा उरला, त्यातून १८ जण उतरले. या अनुभवानंतर अमेरिकेच्या आदर्श बिल्डिंग कोडमध्ये १२८ मीटरच्या वरच्या ऑफिस इमारतींना एक जादा जिना, किंवा आगीतही वापरता येतील अशा लिफ्ट सक्तीच्या झाल्या.

यामासाकींनी किती ठरवले होते म्हणाल, तर जिन्याची संख्या आर्किटेक्ट एकटा ठरवत नाही. पण त्याच्या ड्रॉइंगवर ती असते.

गिलावा

म्हणजे खर्चाची मर्यादा म्हणून सेंट लुइसला लिफ्ट कमी थांबल्या, आणि भाड्याचा हिशेब म्हणून न्यूयॉर्कला जिने कमी झाले. एकदा गिऱ्हाईक गरिबांसाठी बांधत होते, एकदा बँकांसाठी. दोन्हीकडे कात्री चालली ती माणसांच्या जाण्यायेण्यावर.

ओळंबा

गिलावा, हे मी मूळ लेखात घालायला हवे होते, इतके नेमके लिहिले आहे. पण ते पूर्ण पटत नाही. जाण्यायेण्याची जागा भाडे देत नाही, म्हणून ती सगळ्यांच्याच इमारतीत पहिली कापली जाते. यामासाकींच्या दोन इमारती कोसळल्या म्हणून ती दिसली.

उत्तरार्धाबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून थोडे. ११० मजल्यांनंतर कामे खूप आली, पण टीकाकारांनी दार लावून घेतले. काही कामे निव्वळ पुनरावृत्ती. ओक्लाहोमातल्या टल्सा शहरातला ५२ मजली टॉवर (१९७६) तर वर्ल्ड ट्रेड सेंटरचे धाकटे भावंडच दिसते. माद्रिदचा ४३ मजली टोरे पिकासो त्यांच्या मृत्यूनंतर १९८८ मध्ये पुरा झाला. पांढरा, नेटका, आणि खरे सांगायचे तर थंड.

सिअॅटलचा रेनियर टॉवर (१९७७) मात्र अफाट आहे. खालचे ११ मजल्यांच्या उंचीचे काँक्रीट तळाशी निमुळते होत जाते, इतके की वरचा सगळा टॉवर एका देठावर ठेवलाय असे वाटते. बीव्हरने कुरतडलेल्या झाडावरून लोक त्याला बीव्हर बिल्डिंग म्हणतात. हेतू साधा होता. जमिनीवर इमारतीने कमीत कमी जागा घ्यावी, उरलेली माणसांना मिळावी. न्यूयॉर्कच्या चौकात जे फसले त्याचा हा जवाब, असे मी वाचतो. पहिल्यांदा पाहणारे अजून खालून जरा घाईने जातात.

चौकटराजा

यामासाकींच्या फर्मचे पुढे काय झाले? आणि ड्रॉइंगांचे?

मिशिगनकर

ते १९८६ च्या फेब्रुवारीत कॅन्सरने गेले. फर्म त्यांच्या नावाने चालू राहिली, पण २००९ च्या अखेरीस ट्रॉयमधले ऑफिस बंद पडले. कर्जे होती, मंदी होती. ड्रॉइंगे आणि कागदपत्रे कचऱ्यात जाण्याच्या बेतात असताना मिशिगन राज्याच्या अभिलेखागाराने २०१० मध्ये ती हलवून घेतली. वर्ल्ड ट्रेड सेंटरचे कागदही त्यात आहेत. लॅन्सिंगला ठेवली आहेत, अभ्यासकांना बघता येतात.

रातराणी

लॉस एंजेलिसला जाणे होणार आहे. तिथे यांचे काही आहे का?

ओळंबा

सेंच्युरी सिटीत दोन गोष्टी शेजारीशेजारी. १९६६ चे वक्राकार सेंच्युरी प्लाझा हॉटेल, जे पाडायचा घाट घातला होता आणि लोकांनी आरडाओरड करून वाचवले. आणि त्याच्यामागचे ४४ मजली जुळे टॉवर, १९७५ चे, तळ त्रिकोणी. टॉवर सकाळी बघा, धारदार कोपऱ्यावर ऊन पडते तेव्हा एक बाजू पूर्ण काळी दिसते.